जहाजाचं सुतक

आमच्या बेटावर जहाज बुडायच्या आधीच त्याचं सुतक धरतात. नांगराचा दगड वर ओढला की निघालेल्या जहाजांतल्या एका माणसाने विंचरायचं सोडायचं, धुवायचं सोडायचं, मांस सोडायचं, बाईच्या जवळपास फिरकायचं नाही, आणि डोक्यात उवा झाल्या तर त्यांना सुखाने नांदू द्यायचं. हा आमचा सुतक्या. सफर चांगली झाली की त्याला लुटीतला वाटा मिळतो, एखादा कैदी मिळतो. वादळ आलं, माणसं आजारी पडली किंवा शत्रूने झोडपलं, तर त्याने सुतक नीट पाळलं नाही असं ठरतं आणि त्याचा गळा कापतात. वल्ही मारणारे चुकत नाहीत. वाट दाखवणारे चुकत नाहीत. नायक तर जन्मापासून चुकलेला नाही. चुकतो तो कोपऱ्यात बसून अंग खाजवणारा.

मी फण्या करते. करते आणि लोकांना विंचरूनही देते, त्यामुळे बंदरातली सगळी डोकी कधी ना कधी माझ्या हाताखालून गेली आहेत. डोक्यांच्या वर काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. आत काय आहे ते सांगता येणार नाही, पण हाताला वजन लागतं ते वरच्याचंच.

आमच्या डोंगरावरून, हवा स्वच्छ असली की, समुद्रापलीकडच्या सिल्ला राज्याचा किनारा दिसतो. आणि तो दिसला की आमच्या पुरुषांना काहीतरी होतं. एरवी जाळं दुरुस्त करायला सांगितलं तर कंबर धरून बसणारी माणसं एकदम ताठ होतात. गेल्या वर्षी आमचा नायक इवातारी असाच ताठ झाला. सिल्लाच्या कुठल्याशा अधिकाऱ्याने म्हणे त्याच्या गोंदणाला नावं ठेवली होती. आमच्यात जितका मान मोठा तितकं गोंदण मोठं, आणि इवातारीच्या तोंडावर आता मोकळी जागा उरलेली नाही. दुरून बघितलं तर वांगं भाजल्यासारखा दिसतो. त्या अधिकाऱ्याने तेच कुठल्यातरी वेगळ्या शब्दांत सांगितलं असावं.

म्हातारी नागिमे आमची देवाधर्माची बाई. तिने हरणाच्या खांद्याचं हाड निखाऱ्यावर ठेवलं आणि सगळे श्वास धरून बसले. हाड तडकलं. हाड तडकतंच, निखाऱ्यावर ठेवल्यावर ते बिचारं आणखी काय करणार? पण इवातारीने मांडीवर थाप मारली. "हो म्हणतंय! सिल्लावर जायचं!"

मग सुतक्या कोण, हा प्रश्न आला. सगळे जमिनीकडे बघायला लागले.

"उशितेला घ्या," इवातारी म्हणाला. "त्याला बायको नाही. अर्धं सुतक तो आधीच पाळतोय."

सगळे हसले. उशिते माझा धाकटा भाऊ. समुद्राचं शेवाळ जाळून, उकळून मीठ काढतो, आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मी म्हटलं, "नायक, दिवसातून दोनदा समुद्रात बुडी मारल्याशिवाय त्याला घास जात नाही. दुसरा कोणी बघा. तुमच्या मेव्हण्याला आंघोळ करताना कोणी कधी पाहिलेलं नाही."

"मेव्हण्याला जहाज हाकायचं आहे."

"मग झालंच कल्याण."

"आकोमे," इवातारी माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझा नवरा जिवंत होता तेव्हाच त्याने तुझी जीभ छाटायला हवी होती."

"छाटणार होता, पण जेवण मी करत होते."

उशितेने माझी बाही ओढली. "अक्के, जाऊ दे. परत आलो की मला चांगलं विंचरून दे. नवी फणी करून ठेव."

मी करून ठेवली. आमच्याकडच्या सर्वांत टणक लाकडाची केली, दात घासून घासून गुळगुळीत केले.

जहाजं परत आली तेव्हा राळ्याची कणसं भरली होती. गेली तितकी आली नव्हती. ज्यांची माणसं उतरली नाहीत त्या बायका प्रत्येक जहाज शेवटचं वल्हं काढेपर्यंत बघत होत्या, आणि मग पुढच्या जहाजाकडे जात होत्या. त्यांच्यावर मला हसता येत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

लूट काहीच नव्हती. ना लोखंडाच्या पट्ट्या, ना भांडी, ना कापड. इवातारीच्या जहाजातून फक्त चटईत गुंडाळून दोरीने बांधलेलं एक लांबट बोचकं उतरवलं. "सिल्लाचा मोठा सरदार आहे," इवातारी ओरडला. "कोणी जवळ जायचं नाही!" आणि ते बोचकं थेट त्याच्या कोठारात गेलं.

त्यामागून उशिते उतरला. हात मागे बांधलेले. केसांचा मिठाने दगड झालेला, कपडे अंगाला चिकटून वाळलेले, आणि तो वास! मी पुढे धावले तर भाला आडवा आला.

"सुतक अजून सुटलेलं नाही. बाईने लांब राहायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायत बसेल आणि सुतक्याचा निकाल लागेल, असं जाहीर झालं.

संध्याकाळी कोमुशी माझ्याकडे डोकं घेऊन आला. इवातारीच्याच जहाजावर वल्हं मारणारा, लग्नाच्या वयाचा, तोंडात काही न ठरणारा पोरगा. मी त्याला दारासमोर उतरत्या उन्हात बसवलं आणि फणी घातली.

"मावशी, हसायचं नाही हं."

"बोल तर आधी."

"आम्ही उतरलो तेव्हा धुकं होतं. समोर डोंगराच्या उतारावर सिल्लाची फौज उभी. ओळीने. टोप्या, भाले, सगळं. पण एक जण हलेना. नायक म्हणाले, बघा, आपल्याला बघून थिजलेत! आणि आम्ही ओरडत धावलो."

"मग?"

"मी एकाच्या पोटात भाला खुपसला. तो काही निघेना. ओढतोय, ओढतोय. बाजूला बघतो तर सगळेच ओढतायत. आत सगळा पेंढा, मावशी."

"काय?"

"बुजगावणी! रानात पाखरांसाठी उभी करतात ना, तशी. कपडे घातलेली. आम्ही पाय लावून भाले उपसतोय, तेवढ्यात खरे सिल्लावाले मागच्या झाडीतून आले. ते मात्र हलत होते."

मी हसणार नाही असं कबूल केलं नव्हतं, म्हणून हसले.

"थांबा, पुढे आहे. पळताना नायकांनी खांद्यावर एक माणूस टाकला होता. म्हणाले, यांचा सरदार पकडलाय, बेशुद्ध आहे. जहाज खोल पाण्यात गेलं, उजाडलं, आणि मग..."

"तोही पेंढ्याचा?"

"नखशिखांत."

"आणि कोणी काही बोललं नाही?"

"कोण बोलणार? नायकांनी स्वतःच त्याला चटईत गुंडाळलं. म्हणाले, फार मानी आहे, कोणाशी बोलायला तयार नाही. रोज त्याच्यापुढे राळ्याचा भात ठेवायचे."

"आणि भात खायचं कोण?"

"नायक. पाठ करून बसायचे आणि म्हणायचे, घेतले हो त्याने दोन घास."

हसून हसून माझ्या हातातली फणी पडली. ती उचलताना मला उशिते आठवला आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"मग माझ्या भावाला का बांधलंय?"

"मग कोणाला बांधणार?" कोमुशी म्हणाला. ते त्याने थट्टेने म्हटलं नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, त्यांनी वाटेतच त्याचं डोकं बघितलंय. एकही ऊ नाही. नायक म्हणतात, हा चोरून विंचरत होता, म्हणून सफर फसली. उद्या सगळ्यांसमोर डोकं दाखवायचं आणि तिथेच..." त्याने पुढचं बोटाने गळ्यावर दाखवलं.

उशितेच्या डोक्यात लहानपणापासून ऊ टिकत नाही. आम्ही भावंडं एका चटईवर झोपायचो. माझं डोकं किलबिलायचं आणि याचं धुतलेल्या खडकासारखं. आई म्हणायची, या पोराचं रक्तच कडू आहे. पण आई गेली, आणि कडू रक्ताची साक्ष पंचायत कशी घेणार? तीन पावसाळे न धुतलं तरी ते डोकं त्याला वाचवणार नव्हतं.

सकाळी इवातारीचं बोलावणं आलं. पंचायतीला बसायच्या आधी त्याला कानांवरची केसांची वेटोळी नीट बांधून हवी असतात.

आता एक गोष्ट सांगते. इवातारीच्या डोक्यात उवा नाहीत, हे सगळ्या बंदराला माहीत आहे, कारण तो स्वतः तसं सांगतो. मोठ्या माणसाच्या डोक्यात त्या शिरायला धजत नाहीत म्हणे. मी त्याला विंचरते, फणी निखाऱ्यावर झटकते, निखारे तडतडतात, आणि तेवढ्यात मी मोठ्याने खोकते. दर वेळी. तो माझ्या घशाची चौकशी करत नाही आणि मी त्याच्या डोक्याची करत नाही. बंदरात राहायचं तर एवढं चालवून घ्यावं लागतं.

"आकोमे," केस सोडता सोडता तो म्हणाला, "आज तुझ्या भावाच्या डोक्यात फणी तूच घालायची."

"मी?"

"तू बहीण आहेस. तूच डोकं साफ आहे म्हणालीस की कोणाच्या मनात काही राहणार नाही. उगाच मागाहून नायकाने अन्याय केला असं नको."

"फार विचार करता तुम्ही लोकांचा."

"करावा लागतो."

मी त्याच्या मानेकडे बघितलं. जाड, तेल चोपडलेली, गोंदलेली मान. मग मी नवी फणी काढली, उशितेसाठी केलेली. तिचे दात इतके दाट होते की त्यातून काही सुटलं नसतं. मुळापासून ओढली, कानामागे जास्त वेळ घेतला, मानेवर तर दोनदा फिरवली. निखारे बाजूला लाल होऊन वाट बघत होते. मी फणी झटकली नाही. कापडात अलगद गुंडाळून कमरेला खोचली.

"आज खोकली नाहीस," इवातारी म्हणाला.

"आज घसा बरा आहे."

किनाऱ्यावर सगळं बंदर जमलं होतं. इवातारी आला तेव्हा लोकांनी मोठ्या माणसाला करतात तशा टाळ्या वाजवून मान वाकवली. उशितेला मध्ये बसवलं होतं. एक माणूस सुरी घेऊन जवळच उभा होता आणि ती सारखी मांडीला पुसत होता, जशी काही ती आधीच रक्ताने भरली आहे. नागिमेने आपल्या हाताने उशितेच्या मांडीवर पांढरं कापड पसरलं आणि म्हणाली, "निकालाला बसलोय. आता बाई जवळ चालेल. ये गं."

मी त्याच्या मागे गुडघे टेकले. त्या घाणीत त्याच्या मानेचा मागचा भाग मात्र पोरगेलाच दिसत होता.

"अक्के," तो ओठ न हलवता म्हणाला, "काही मिळायचं नाही. तुला माहीत आहे."

"गप्प बस. मान खाली घाल."

"दुखतंय."

"दुखू दे. जिवंत माणसाला दुखतं."

मी कापड उलगडलं, फणी काढली आणि त्या खारट गुंत्यातून एकदा, जोरात, खाली ओढली. मग कापडावर टिचकी मारली.

पडल्या. पांढऱ्या कापडावर, सगळ्यांच्या देखत, पाय हलवत. पुढच्या रांगेतल्या बायका आधी मागे सरकल्या आणि मग बघायला पुढे आल्या.

नागिमे वाकली. तिची नजर अजून घारीची आहे. "अगं बाई," ती म्हणाली, "सुतकाचं रुखंसुखं खाऊन या एवढ्या गुबगुबीत?" मग तिने माझ्याकडे बघितलं, मग इवातारीच्या तेल लावलेल्या, नुकत्याच बांधलेल्या वेटोळ्यांकडे. तोंडातला एकुलता एक दात तिने जिभेने चाचपला. "पाळलंय," ती मोठ्याने म्हणाली. "पोराने सुतक पाळलंय."

"खोटं!" इवातारी उठून उभा राहिला. "जहाजावर त्याच्या डोक्यात एकही नव्हती! या त्याच्या नाहीतच!"

"नायक, उवांच्या अंगावर काय गोंदण असतं?" मी म्हटलं. "कोणाच्या म्हणून ओळखायच्या?"

"त्या फणीवर होत्या! तू आणल्यास!"

"फणीवर? ही फणी आज फक्त एकाच डोक्यातून आली आहे." मी ती वर धरली. "आत्ताच. तुमच्या."

मागे कोणीतरी हसू दाबताना नाकातून आवाज केला, तो बहुतेक कोमुशी असावा.

"माझ्या डोक्यात," इवातारी एकेक शब्द चावत म्हणाला, "उवा नाहीत."

"नाहीतच! मी तर सगळ्यांना सांगत असते. म्हणजे मग या उशितेच्याच."

तो बघत राहिला. एवढ्या गोंदणाखालीसुद्धा माणूस लाल होतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी म्हणाला, "त्याच्याच."

"मग सुतक पाळूनही सफर फसली?" नागिमेने विचारलं, अगदी गरीब आवाजात. "असं कधी झालेलं नाही बाई. हे कोणामुळे झालं, ते मला हाडाला विचारावं लागेल."

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. सुरीवाल्यानेसुद्धा सुरी मांडीला पुसायचं थांबवून इवातारीकडे बघितलं.

"फसली?" इवातारी म्हणाला. "कोण म्हणतं फसली? आम्ही जिंकून आलो! सिल्लाच्या फौजेत सरळ घुसलो. एक जण आमच्यासमोर हलू शकला नाही! इतके पाडले की मोजता आले नाहीत!"

यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच जहाजावरची माणसं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होती. जिचा नवरा परतला नव्हता अशी एक बाई मात्र उठली, कपडे झटकले आणि न बोलता घरी निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही.

"वा!" मी म्हटलं. "मग सुतक्याचा वाटा?"

"लूट समुद्रात गेली."

"कैदी आहे की."

इवातारीने आधी कोठाराकडे बघितलं. मग त्याने हात हलवला आणि कोठारातून ते बोचकं आणलं. दोघे जण सहज झुलवत येत होते. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पाठी वाकवल्या.

"चटई उघडायची नाही," इवातारी माझ्या कानाशी म्हणाला. "फार मानी माणूस आहे."

चटईच्या टोकातून पेंढ्याची एक काडी बाहेर आली होती. मी दोरीच्या गाठीला हात लावला असता तर सगळं बंदर खदखदून हसलं असतं, आणि मी ते हसणं ऐकायला माझा एक हात दिला असता. पण ज्याच्यावर सगळे हसले असा नायक पुढच्याच क्षणी कोणाकडे वळला असता तेही मला दिसत होतं. सुरी अजून म्यानात गेलेली नव्हती. सफर जिंकलेली असेपर्यंत माझा भाऊ जिवंत होता. मी ती काडी बोटाने हळूच आत ढकलली.

"दिसतोच आहे मानी," मी म्हटलं. "उशिते, पाय तू धर."

त्याने पाय धरले, उचलले आणि चमकून म्हणाला, "अक्के, हे तर..."

"जड आहे. फार जड आहे. वाक."

तो वाकला. मीही वाकले. असे आम्ही दोघं, एक जण घाणीने माखलेला आणि एक हसू गिळून डोळ्यांत पाणी आलेली, धापा टाकत सगळ्या बंदरातून गेलो. कोमुशी मदतीला धावला आणि आमच्यापेक्षा जास्त कण्हला. "सिल्लाचे लोक खातात तरी काय!" तो म्हणाला. दारोदारी लोक उभे होते, चेहरे अगदी गंभीर. सगळ्यांना माहीत होतं. पण आमच्या बंदराला माहीत नसल्यासारखं उभं राहायचा सराव फार जुना आहे.

घरापाशी बोचकं टाकून उशिते कपड्यांसकट समुद्रात शिरला तो ओठ निळे होईपर्यंत बाहेर आला नाही. मग मी त्याला विंचरलं. नायकाच्या उवांपैकी एकही शिल्लक नव्हती. कडू रक्तावर त्यांचा मोठेपणा चालला नसावा.

हिवाळाभर तो सिल्लाचा सरदार आमच्या कोपऱ्यात बसून होता. इवातारी त्याच्यासाठी सुकवलेलं रानडुकराचं मांस पाठवायचा, आमची तोंडं बंद राहावीत म्हणून. आम्ही तोंडं बंद करून चावायचो. उशितेने त्याचा निसटलेला खांदा बांधून दिला. मी त्याची टोपी हातात घेऊन बघितली, तर शिवण इतकी बारीक होती की वाईट वाटलं. पलीकडच्या किनाऱ्यावर कोणीतरी बाईने दिव्यापाशी डोळे फोडून ती शिवली असेल, भाला खाणाऱ्या पेंढ्यासाठी. तिलाही एखादा नायक असेल.

वारा फिरला, हवा स्वच्छ झाली, डोंगरावरून सिल्ला दिसलं, आणि इवातारी पुन्हा ताठ झाला. पुन्हा हाड, पुन्हा निखारे. आणि सुतक्याचं नाव निघालं तेव्हा त्याची नजर सरळ उशितेवर येऊन थांबली. या खेपेला कोणी हसलं नाही. मागच्या वर्षाचा हिशेब चुकता करायचा त्याचा बेत लपलेला नव्हता.

मी उठले. "नायक, आमच्या कैद्याला न्या."

"काय?"

"तो विंचरत नाही. धूत नाही. तुम्ही पाठवलेल्या मांसाला त्याने कधी तोंड लावलेलं नाही. बाईच्या घरात हिवाळाभर राहिला, पण एकदा माझ्याकडे मान वळवून बघितलं नाही. असा सुतक्या या बेटावर जन्मलेला नाही."

इवातारी अडकला. कैदी चालणार नाही म्हणायचं, तर का चालणार नाही ते सांगावं लागणार. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते, अगदी गंभीर चेहऱ्यांनी. नागिमेने वाट न बघता हाड निखाऱ्यावर टाकलं. ते तडकलं.

"हो म्हणतंय," ती म्हणाली.

तेव्हा जहाजं निघाली ती पहिल्या जहाजाच्या पुढच्या टोकावर चटईतल्या सरदाराला ताठ बसवून. चटईच्या वरून टोपी तेवढी दिसत होती. आम्ही दोघं खडकावर बसून बघत होतो. उशिते नुकताच समुद्रातून आला होता आणि मी त्याचे केस सोडवत होते.

"टोपीची नाडी बांधलीस ना, अक्के? वारा आहे."

"बांधली."

जहाजं लहान झाली.

"हरून आले तर त्याचा गळा कापतील."

मी गुंता सुटेपर्यंत थांबले.

"कापू दे," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर कापू दे."